बर्फ टांगलेलं झाड

आमच्याकडं सफरचंद हे आजाऱ्याचं फळ. पिशवीत सफरचंदं घेऊन एस.टी. स्टँडावर उभं राहिलं की ओळखीचा माणूस जवळ येऊन हळूच विचारणार, "कुठल्या दवाखान्यात ठेवलंय?" धडधाकट माणसानं पेरू खावा, बोरं खावीत, उसाचं कांडं सोलावं. सफरचंद खाटेवर पडलेल्यानं खायचं, तेही कुणी फोड करून तोंडाशी धरल्यावर. पन्नाशी ओलांडली तरी मी ते तोंडात घातलं नव्हतं आणि त्याचा मला गर्व होता. आजारीच पडलो नाही तर खायचं कशाला.

तरी माझ्या रानात सफरचंदाचं झाड होतं. काटेवाडीच्या पुढं, इंदापूरच्या रस्त्याला आमची जमीन. आमच्या बापाची मेंढरं होती. लहानपणी मी मेंढरांमागं हिंडलो, त्यामुळं शाळा झाली ती दुसरीपर्यंत, आणि तीही पावसाळ्यापुरती. पुढं कालव्याचं पाणी आलं, मेंढरं कमी झाली, मी डाळिंबं लावली. पलटणीत असलेला पुतण्या एकदा सुट्टीवर येताना हिमाचलातून एक रोप घेऊन आला, ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं. माझ्या हातात देऊन म्हणाला, "आबा, शोभेला लावा. हितं ह्याला फळ यायचं न्हाय."

यायचं नाही, असं मला कुणी म्हटलं की माझं डोकं तिथंच अडकून बसतं. मी ते झाड विहिरीजवळ, डाळिंबाच्या ओळीच्या टोकाला लावलं. ते वाढलं. पानं आली, गेली, परत आली. फूल म्हणून दिसलं नाही.

बांधाला बांध लागून तात्यांचं रान. तात्या उसाचे शेतकरी, साखर कारखान्याचे सभासद, आणि माझ्या झाडाचे रोजचे पाहुणे. बांधावर उभं राहून म्हणायचे, "आबा, ह्याला ना सावली, ना फळ. निदान शेळी तरी बांधा."

"तुमी बांधून घेता का? जागा हाय," मी म्हणायचो.

पुतण्या पुढच्या सुट्टीला आला तेव्हा मी त्याला विचारलं, तिकडं असं काय आहे जे इकडं नाही. तो हसला. म्हणाला, "बर्फ."

एवढंच असेल तर बर्फ काय, भिगवणला ढिगानं होता. धरणाच्या पाण्यातली मासळी तिथं बर्फात घालून लांब लांब जायची. मी उन्हाळ्यात एका सकाळी भिगवणला गेलो आणि मासळीवाल्याकडून बर्फाची लादी घेतली, भुशात लोळवून बारदानात बांधून. एस.टी.च्या कंडक्टरनं दारातच अडवलं.

"आबा, मासळी चालायची नाही गाडीत."

"मासळी न्हाय. बर्फ हाय."

"वास तर मासळीचा येतोय."

"वासाला तिकीट लागतं का?"

गाडीतले लोक हसले, त्यानं मला घेतलं, पण मागच्या बाकावर. घरी पोचेपर्यंत लादी निम्मी झाली होती आणि माझं धोतर गारठलं होतं. त्यानंतर मासळीचा टेम्पोवाला मला फाट्यावर लादी उतरवून द्यायला लागला. आबांच्या झाडाला ताप आलाय, असं तो म्हणायचा.

आता एक अडचण होती. डाळिंबाला आमच्याकडं ताण देतात. उन्हाळ्यात पाणी तोडायचं, झाड तहानेनं पानं टाकतं, उघडं पडतं, आणि मग पावसाच्या तोंडाला खत घालून पाणी दिलं की ते दचकून फुलतं. ओळीतल्या डाळिंबांना ताण चालू होता आणि सफरचंद त्याच ओळीत. मी म्हटलं, ह्यालाही ताण द्यायचा आणि बर्फही द्यायचा. आमच्या घरच्या मंडळींनी हे ऐकलं आणि भाकरी थापायची थांबल्या.

"अवो, एकीकडनं तहानंनं मारायचं म्हणता अन् एकीकडनं बर्फ घालायचा म्हणता. बर्फ म्हंजी काय दगूड हाय का? पाणीच की ते."

मला हे सुचलं नव्हतं. पण सुचलं नव्हतं असं मी म्हणालो नाही. मी म्हणालो, "बर्फ खाली घालायचाच न्हाय मुळी. वर टांगायचा."

मग तसंच करावं लागलं. बारदानात बर्फाचे तुकडे बांधून मी फांद्यांना लटकवले आणि खाली घमेली ठेवली, मुळाशी थेंब पडू नये म्हणून. घरातली पुरली नाहीत तेव्हा परात, बादली, दुधाचा जुना कॅन असं सगळं झाडाखाली आलं.

त्या उन्हाळ्यातल्या दुपारी मला अजून धड खऱ्या वाटत नाहीत. मी झाडाखाली घोंगडं टाकून पडायचो. रान तापलेलं, उसाच्या शेंड्यावर हवा थरथरत असायची, पक्षी गप. आणि माझ्याभोवती थेंब पडत असायचे. परातीत वेगळा आवाज, बादलीत वेगळा, कॅनमध्ये लांबून आल्यासारखा. मासळीच्या वासानं आजूबाजूच्या वस्त्यांवरची मांजरं गोळा व्हायची आणि झाडाच्या भोवती कडं करून बसायची, डोळे अर्धे मिटून, कीर्तनाला बसल्यासारखी. मीही डोळे मिटायचो. मग दिसायचं ते सगळं पांढरं. पांढऱ्या जमिनीवरून आमची मेंढरं चाललीत, पांढऱ्यात पांढरी, नुसती काळी तोंडं तेवढी हलताना दिसायची. पुढं बाप, खांद्यावर काठी आडवी, मागं वळून न बघणारा. मी हाक मारायचो, पण तोंडातून वाफ निघायची, हाक नाही. आभाळातून पडलेला बर्फ मी कधी पाहिलेला नव्हता. माझ्या स्वप्नातल्या बर्फाला भिगवणच्या मासळीचा वास यायचा.

झाडानं पानं टाकली. एक पान राहिलं नाही. तात्या बांधावर येऊन डोकीवरची टोपी काढून उभे राहिले.

"काय झालं, तात्या?"

"काय न्हाय. गेल्याला हात जोडावं म्हटलं."

कालव्याला पाणी सुटलं, पाळी आली, मी शेणखत घालून झाडाला पोटभर पाणी दिलं. थोड्या दिवसांनी फांद्यांना गाठी आल्या. आणि आषाढात, एका धुक्याच्या सकाळी, मी विहिरीकडं गेलो तर झाड फुललेलं होतं. कोकराच्या कानाच्या आत कातडी असते ना, तशी ती फुलं. पांढरी म्हणावीत तर पांढरी नाहीत. मी हात लावला नाही. घरी जाऊन मंडळींना घेऊन आलो, नातीला झोपेतून उचलून आणलं, आणि आम्ही तिघं उभे राहिलो. धुकं फांद्यांतून जात होतं आणि मधेच फुलं दिसायची, मधेच नाही. मला क्षणभर वाटलं, आपण आपल्या रानात नाही.

बर्फानं झालं की ताणानं झालं, ह्यावर आमच्या घरात अजून दोन पक्ष आहेत. मी बर्फाचा.

फळं धरली ती ओंजळभर. काही वाऱ्यानं गेली, काही पोपटांनी नेली. शेवटी एक राहिलं, खालच्या फांदीला, लिंबाएवढं. त्याला मी माझ्या जुन्या पटक्याचं फडकं बांधलं, पोपटांना दिसू नये म्हणून. आणि तिथंच घोटाळा झाला. तात्यांनी बांधावरून ते फडकं बघितलं आणि घरी जाऊन सांगितलं, आबांनी बाजारातलं सफरचंद आणून दोऱ्यानं फांदीला बांधलंय आणि कुणाला दोरा दिसू नये म्हणून वर फडकं गुंडाळलंय. चेष्टेनंच म्हणाले असतील. पण तात्यांची नात आणि माझी नात बारामतीच्या शाळेत एकाच वर्गात.

त्याच साली गणपती उठले आणि पहाटे तिकडं मराठवाड्यात भूकंप झाला. आमच्याकडंही मांडणीवरची भांडी वाजली म्हणतात. गावोगावी धान्य, कपडे गोळा झाले. दिवाळीची सुट्टी संपल्यावर शाळेतल्या मोठ्या बाईंनी मुलांना सांगितलं, तिकडं एका गावची शाळा पडली आहे, तिच्या छपराच्या पत्र्यांसाठी आपण सफरचंदाचा दिवस करायचा. बाई आधी मोठ्या शहरात होत्या, तिथल्या शाळेत असं करत म्हणे. मुलांनी लाल कपडे घालायचे, सफरचंदं आणि सफरचंदाचे पदार्थ विकायचे, येईल ते तिकडच्या शाळेला.

नात वर्गात उभी राहिली आणि म्हणाली, "आमच्या रानात सफरचंदाचं झाड हाय. मी आमच्या झाडाचं सफरचंद आणीन."

वर्ग हसला. तात्यांची नात म्हणाली, "ते दोऱ्यानं बांधलंय. आमच्या तात्यांनी बघितलंय." आणि मग मधल्या सुट्टीत सगळ्या पोरी तिला खोटारडी म्हणायला लागल्या.

हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच बघितलं की पोरगी दप्तर न उतरवता विहिरीकडं गेली आणि झाडाखाली उभी राहिली, त्या फडक्याकडं बघत. मी जवळ गेलो. ती म्हणाली, "आबा, फडकं सोडा की जरा."

मी सोडलं. तिनं फळ कुठं धरलंय, देठ फांदीला कसा लागलाय, ते बोट लावून बघितलं. मग सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "मी खोटारडी हाय व्हय, आबा?"

तिनं बोट लावून बघितलं, ते माझ्या मनाला फार लागलं. तिलाही क्षणभर शंका आली होती. मी म्हणालो, "त्या दिवशी हे सपरचंद तुज्या शाळंत जाईल. अन् बाजारातल्यापरास गोड निघंल. खडीसाखर."

दुसऱ्या दिवशी मी धुतलेला पटका बांधून शाळेत गेलो. मोठ्या बाईंनी खुर्ची दिली. मी उभाच राहिलो.

"बाई, तुमच्या दिवसाला मानाचं सपरचंद माज्या रानातलं."

"खरंच झाडाला आलंय?"

"तुमी बी तेच इचारताय."

"मुलांसमोर मला खरं तेच सांगायला हवं, म्हणून विचारते. राग मानू नका."

बाई वयानं लहान पण नजर सरळ. मला त्या आवडल्या. मी म्हणालो, "आलंय. अन् गोड हाय."

"चाखून बघितलंत?"

"एकच हाय. चाखलं तर आणू काय?"

बाई हसल्या. म्हणाल्या, "मग आणा. मधोमध ठेवीन मी ते."

पुढचे दिवस त्या फळाच्या भोवती गेले. बांधावर, फाट्यावर भेटेल त्याला मी सांगायचो, खडीसाखर हाय. थंडी पडली. सकाळी उसावर दव, कालव्यावर वाफ, आणि मी फांदी हळूच वळवून फळ उन्हाकडं करायचो. एका गालावर लाली आली. दुसरा गाल हिरवाच. ते वाढायचंही थांबलं होतं. माझा मुलगा एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात कामाला जायचा, मोटारसायकलवरून नातीला शाळेत सोडायचा. तो एका सकाळी गाडी पुसता पुसता म्हणाला, "आबा, बाजारातनं एक बारकं लाल बघून आणू का? कुणाला कळतंय?"

मी त्याच्याशी बोलणं सोडलं. काही सांगायचं झालं तर मांजराला उद्देशून सांगायचो.

तो दिवस उजाडला. मी आंघोळ करून, अनवाणी झाडाजवळ गेलो आणि फळ तोडलं, देठाला एक हिरवं पान ठेवून. पान असलं म्हणजे झाडाचंच, हे आंधळ्यालाही कळेल. मोटारसायकलच्या टाकीवर नात, लाल फ्रॉकात, डोक्याला हिरव्या कागदाचं पान लावून. मुलगा चालवायला. मागं मी. फळ खिशात ठेवलं असतं तर काही झालं नसतं. पण मी ते हातात धरलं, छातीजवळ, पान वर करून, रस्त्यानं जाणाऱ्यांना दिसावं म्हणून. कामावर निघालेले लोक गाड्यांवरून बघायचे. एकानं गाडी जवळ आणून विचारलं, "आबा, कुणाला ॲडमिट केलंय?" मी फळ आणखी वर धरलं. धुक्यातून ऊन येत होतं, हाताला ते फळ गार लागत होतं, आणि मला वाटत होतं की आपण गाडीवर नाही, आपली मिरवणूक चालली आहे.

शाळेच्या दारात उतरलो आणि बघितलं तर पान नव्हतं. वाऱ्यानं वाटेत कुठंतरी नेलं होतं.

नातीनं बघितलं.

आत सगळं मैदान लाल झालं होतं. लाल झबली, लाल रिबिनी, कुणाच्या अंगावर तर मोठ्या बहिणीची लाल ओढणीच गुंडाळलेली. पोरं पळत होती आणि सकाळच्या पांढऱ्या उजेडात असं वाटत होतं की कुणीतरी फळांची पाटी उलटी केलीय आणि फळं आपली आपण घरंगळतायत. सगळीकडं सफरचंदाचा वास. तो वास आम्हाला दवाखान्याचा. त्यामुळं गावाकडून आलेली माणसं जरा हळू बोलत होती, चेहरे पडलेले, कुणाला तरी भेटायला आल्यासारखी. बाया सफरचंदाची खीर बघून पुढं जात होत्या. कुणा एका आईनं सफरचंदाची भजी तळली होती, तिच्यापुढं मात्र रांग.

मोठ्या बाईंनी माझं फळ स्टीलच्या ताटलीत, पांढऱ्या रुमालावर, मधल्या टेबलावर ठेवलं. शेजारी बाजारातून पेट्यांनी आणलेली, पुसून चकचकीत केलेली मोठी सफरचंदं. त्यांच्यात ते लग्नाच्या पंगतीत येऊन बसलेल्या गुराख्यासारखं दिसत होतं. पोरी गोळा झाल्या. तात्यांची नात वाकून बघून म्हणाली, "हे पेटीतलंच हाय. बारकं बघून आणलंय."

माझी नात म्हणाली, "न्हाय. झाडाचं हाय. पान व्हतं, वाटंत पडलं."

"पान व्हतं म्हणं," असं म्हणून सगळ्या हसल्या. नात माझ्याकडं वळली. तिच्या डोक्यावरचं कागदाचं पान एका बाजूला झुकलं होतं. ती रडली नाही. आमच्या घरातली आहे. पण ओठ घट्ट मिटून टेबलाचा कोपरा धरून उभी राहिली, आणि मला कळलं की आज हे मिटलं नाही तर ह्या शाळेत ती कायमची खोटारडी राहील. मी किती छाती ठोकली तरी उपयोग नव्हता. मी तिचा आबा. माझी साक्ष कोण धरणार.

दुपारच्या आत पेट्या संपल्या. मोठ्या बाई म्हणाल्या, आता हे शेवटचं सफरचंद, आपल्याच मातीतलं, ह्याची किंमत कोण देतं.

बाईंना वाटलं असेल, कुणीतरी येऊन पैसे टाकील आणि घेऊन जाईल. पण आमच्याकडं मानाची वस्तू अशी कुणी घेत नाही. बिरोबाच्या जत्रेत मानाच्या नारळाचा सवाल होतो, म्हणजे बोली लागते, तसा सवाल व्हावा लागतो, आणि तिथं पैसा बोलत नाहीत, वस्तू बोलतात. शाळेचे शिपाई जत्रेतही सवाल पुकारायचे. त्यांनी न सांगता ताटली उचलली आणि सूर लावला. "मानाच्या सपरचंदाचा सवाल हाय, बोला मंडळी."

मागून कुणीतरी म्हणालं, "पायली जवारी."

"जवारीचं पोतं," दुसरा.

माणसांचे चेहरे खुलले. इतका वेळ दवाखान्यात असल्यासारखी उभी होती, आता जत्रेत आली. बाई गोंधळून शिपायांकडं बघत होत्या. शिपाई म्हणाले, "बाई, गप बघा. तिकडं जाणाऱ्या ट्रकात धान्य बी चालतंय."

तेवढ्यात तात्या पुढं आले. "माजी गुळाची ढेप."

माझ्या अंगाचा जाळ झाला. ज्यानं दोऱ्याची गोष्ट उठवली त्याच्या हातात माझं फळ जाणार. माझ्या तोंडून निघून गेलं, "माजा मेंढा."

मग सगळीकडून हसणं आलं. शिपाई ताटली खाली करून म्हणाले, "आबा, आपणच वाहिलेला नारळ आपणच मागता व्हय?"

बाईही म्हणाल्या, "अहो, तुम्हीच दिलंय ना ते?"

आमच्या रिवाजात देणाऱ्याला सवाल करता येत नाही. हे मला शेंबड्या पोरापासून ठाऊक. पण त्या क्षणी मला एवढंच दिसत होतं की तात्या हात पुढं करून उभे आहेत. मी मागं सरलो. तात्या माझ्याकडं बघून हसले आणि मोठ्यानं म्हणाले, "सभासदाची माज्या वाट्याची साखर. समदी. बघू तर खरं आबांची खडीसाखर."

त्याच्यावर कुणी बोललं नाही. शिपायांनी तीन वार पुकारलं आणि ताटली तात्यांच्या हातात दिली.

सवाल जिंकणाऱ्यानं नारळ घरी न्यायचा नसतो. तिथंच फोडायचा आणि सगळ्यांना वाटायचा. तात्यांनी ताटली बाईंच्या पुढं धरली. बाईंनी सुरी घेतली आणि त्या एवढ्याशा फळाचे इतके पातळ काप केले की त्यातून पलीकडचा उजेड दिसत होता. पहिला माझ्या नातीला. मग तात्यांच्या नातीला. मग वर्गातल्या पोरींना. एक तात्यांना, एक मला.

नातीनं तोंडात घातलं आणि तिचा एक डोळा मिटला. तात्यांच्या नातीचे दोन्ही मिटले. बाईंनी अजून खाल्लं नव्हतं. त्यांनी हसून मला विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "गोड आहे ना, आबा?"

मी काप तोंडात घातला. सफरचंद मी त्या दिवशी पहिल्यांदा खाल्लं. कच्च्या चिंचेचं बुटूक चावावं तसं. जबडा आवळला, कानामागं कळ गेली.

सगळं मैदान माझ्याकडं बघत होतं. तात्या काप बोटात धरून थांबले होते. नात माझ्याकडं बघत होती. गोड आहे, असं माझ्या जिभेच्या टोकावर होतं. उभ्या गावात, शाळेत, रस्त्यावर मी खडीसाखर म्हणून सांगितलं होतं. मी गोड म्हटलं असतं तर त्या गर्दीत एक माणूस मला तोंडावर खोटं म्हणाला नसता. पण पोरीच्या तोंडात ते आंबट होतं. मी गोड म्हणालो की आबा खोटं बोलतात हे तिला कळणार, आणि मग झाडाचंही काय खरं.

मी म्हणालो, "आंबट हाय. लई आंबट हाय."

कुठूनतरी हसू आलं. माझे कान तापले. मी खाली बघितलं नाही.

तात्यांनी काप तोंडात टाकला. त्यांचं तोंड वाकडं झालं, खांदे वर गेले, आणि त्यांनी ते कसंबसं गिळलं. मग म्हणाले, "आयला. असलं बाजारात कोण इकंल?"

तात्यांची नात अजून डोळे चोळत होती. ती माझ्या नातीला म्हणाली, "पेटीतली सगळी गोड असत्यात."

"मग," नात म्हणाली.

"म्हंजी हे तुमच्या झाडाचं हाय?"

"मग सांगत काय व्हते मी?"

"दोरा न्हवता?"

"तुज्या तात्यांना चष्मा घ्या म्हणावं."

पोरी हसल्या, पण आता दुसऱ्या बाजूनं. एकीनं विचारलं, झाड केवढं आहे. दुसरीनं विचारलं, त्याला काटे असतात का. तात्यांच्या नातीनं माझ्या नातीच्या डोक्यावरचं कागदाचं पान सरळ केलं आणि त्या सगळ्या घोळक्यानं मैदानाच्या कडेला कडुलिंबाखाली गेल्या. नातीनं मागं वळून बघितलंही नाही.

तात्या माझ्या शेजारी बाकावर येऊन बसले. जरा वेळ आम्ही दोघं लाल कपड्यांची पोरं बघत राहिलो. ऊन चढलं होतं. मला झापड आल्यासारखं झालं होतं.

"आबा, खडीसाखर व्हती न्हवं?"

"साखर दिलीय की तुमी आज पोतंभर. लावून खायची."

"घरी काय सांगू? मालकीण इचारंल, साखर कुठाय."

"सांगा, आबांच्या झाडाला गेली."

ते हसले. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि साखर कधी पोचती करायची ते विचारायला शिपायांकडं गेले.

टेबलावर ताटली तशीच होती. त्यात मधला गाभा राहिला होता, त्याला थोडा गर चिकटलेला. तो कुणी घेतला नव्हता. भज्यांच्या रांगेतली माणसं माझ्याकडं बघत होती, आबा आता काय करतात म्हणून. मी ताटली ओढली, गाभा उचलला आणि सावकाश खाल्ला, डोळा न मिटता, तोंड न वाकवता.

लिंबाखालून नातीचा आवाज येत होता. ती पोरींना सांगत होती की आमच्या आबांच्या झाडाचं सफरचंद एवढं आंबट, एवढं आंबट, की पोपटानं चोच मारली तर दिवसभर बोलत नाही. पोरी पुन्हा सांग म्हणत होत्या. ती पुन्हा सांगत होती, आणि दर वेळी ते आणखी आंबट होत चाललं होतं.